खुर्चीच्या मापाची गादी

दर शनिवारी शाळेतल्या विद्यार्थी सभेत फुकट शिकवून विठ्ठलला मिळणार काय होतं, तर एक खुर्ची. ठाण्यातल्या एका पेठेच्या विहीर-कमिटीत तो एकवीस वर्षं चटईवर बसून, उतरत्या मेजावर वही लिहीत आला होता. आता हेडकारकुनाची जागा रिकामी झाली होती, आणि त्या जागेला खुर्ची होती, वेताची, हातांची. विद्यार्थी सभा काढली हेडमास्तरांनी. हेडमास्तर कमिटीचे अध्यक्ष भाऊशेट यांचे मेहुणे. एवढं गणित विठ्ठलला जमत होतं. त्याच्या बायकोला, शेवंतीला, त्याच्याही पुढचं जमत होतं. तिनं जुन्या लुगड्याची, कापूस भरलेली चौकोनी गादी आधीच शिवून ठेवली होती.

सन १८८५चा उन्हाळा. लोकांनी आपला कारभार आपण करावा, असं सरकार नुकतंच म्हणू लागलं होतं. मोठ्यांनी ते ऐकून सोडून दिलं; पंधरा-सोळा वर्षांची पोरं मात्र खरं धरून बसली. विठ्ठलनं त्यांना ठराव कसा मांडायचा, हात कसे मोजायचे, ते शिकवलं. शिकवताना माणूस जरा फुशारतोच. सभा संपल्याशिवाय वहीत अक्षर लिहायचं नाही, लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवायचं, असं त्यानं बजावलं.

खाडीकाठच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या पाड्यातल्या गर्ट्रूडबाईचा पोरगा सिल्वेस्टर मागच्या बाकावरून म्हणाला, "तुमच्या कमिटीत बी असंच करतात, मास्तर?"

"मग काय," विठ्ठल म्हणाला.

खरं तर कमिटीची वही सकाळीच लिहून होई. संध्याकाळी पंच जमत, विडा लावत आणि सही करत. 'सर्वानुमते' हा शब्द विठ्ठलनं डोळे मिटूनही लिहिला असता.

मे महिन्यातल्या वार्षिक सभेपुढे एकच ठराव होता: विहिरीच्या आवाराचा खाडीकडचा दरवाजा कायमचा बंद. पाड्यातल्या बायका त्या वाटेनं, भाऊशेटच्या नव्या बंगल्यासमोरून घागरी नेत, आणि भाऊशेटना मासळीचा वास सोसत नसे. दरवाजा बंद झाला की पाड्याला पाऊण कोसाचा वळसा. वार्षिक सभेत पाणी भरणाऱ्या प्रत्येक घराला एक मत, असं कलम नियमांत होतं. ते आजवर कुणी वाचलं नव्हतं. सिल्वेस्टर आणि त्याचे दोन सोबती ते पाठ करून घरोघर फिरले.

संध्याकाळी पंचांच्या मागे सगळा पाडा येऊन उभा राहिला. भाऊशेटनी ठराव सांगितला आणि विठ्ठलकडे हात केला, म्हणजे सहीला वही दे.

"आमचा विरोध हाय," सिल्वेस्टर उठला. त्याचा आवाज फाटला होता. "तो लिवा."

"लिहून झालंय रे पोरा," भाऊशेट हसले. "काय, विठ्ठल?"

"मग वाचून दाखवा, मास्तर."

विठ्ठलनं वही छातीशी धरली. सकाळीच शेवंतीनं गादी उन्हात टाकली होती. भाऊशेटची अंगठी मेजावर टकटक वाजत होती. सिल्वेस्टर त्याच्याकडे बघत होता. रागानं नव्हे, शनिवारी उत्तराची वाट बघायचा तसाच. तेच विठ्ठलला जड गेलं.

त्यानं वाचलं. दरवाजा कायमचा बंद करावा असे सर्वानुमते ठरले. मग घसा साफ केला.

"हे मी आज सकाळी लिहिलंय," तो म्हणाला आणि ओळीवर आडवी रेघ मारली. "हात वर करा. मोजतो."

बाजूनं सहा, विरुद्ध सदतीस.

दरवाजा उघडा राहिला. विद्यार्थी सभा हेडमास्तरांनी त्याच आठवड्यात मोडली, तर पोरं विहिरीच्या कट्ट्यावर जमू लागली, आणि पुढच्या महिन्यात तिघं कल्याणला जाऊन तिथल्या बाजाराच्या नियमांची प्रत मागून आले. भाऊशेटचं गेलं ते नाकाचं सुख. खुर्ची त्यांच्या पुतण्याला, मधूला मिळाली. राहिली ती किंमत विठ्ठलच्या नावावर पडली: निम्म्या पगारावर त्याच दरवाज्याची राखण.

पहिल्या सोमवारी दरवाजा उघडून तो पायरीवर बसला. निघताना शेवंतीनं गादी त्याच्या काखेत दिली होती. ती खुर्चीच्या मापाची. पायरी अरुंद, म्हणून पुढून चार बोटं लोंबत होती. गर्ट्रूडबाई भरली घागर घेऊन बाहेर आली, ते बघून थांबली, आणि गादीवर पाणी सांडू नये म्हणून घागर दुसऱ्या कमरेवर घेऊन पुढे गेली.