ब्रेनेकेची चार वर्षं

श्रीकांत गेल्यानंतर अकराव्या दिवशी क्वायरच्या संचालिकेचा, मार्गारेटचा, फोन आला. लंडनमधल्या ईलिंगच्या त्या गायनवृंदात श्रीकांत सतरा वर्षं खर्जात गायला होता. मार्चअखेरीच्या कार्यक्रमासाठी आउगुस्ट ब्रेनेके नावाच्या कुणा जर्मन संगीतकाराची समूहगीतं बसवली होती. त्याच्याबद्दल इंग्रजीत फारसं काही मिळेना, म्हणून माहितीपत्रक श्रीकांतच लिहीत होता. ते कुठे सापडेल का, असं मार्गारेट फार संकोचून विचारत होती.

त्याच्या बायकोने, सुलक्षणाने, शोधते म्हणून सांगितलं. तिला रडू येत नव्हतं. लोक डबे आणत, ती ते धुऊन परत देई.

कागद टेबलावरच होते. ब्रेनेके एका लहान गावात शाळामास्तर होता आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. १८७१मध्ये त्याची बायको बाळंतपणात गेली. श्रीकांतचं लिखाण तिथेच थांबलं होतं. खाली जर्मन पत्रांच्या फोटोकॉपी होत्या.

सुलक्षणा लग्नाआधी पुण्यात तीन वर्षं जर्मन शिकली होती. कोश घेऊन ती रोज सकाळी एक पत्र लावायला लागली. पत्रांत छपराची दुरुस्ती होती, मुलांचा खोकला होता. बायकोचा उल्लेख कुठेच नव्हता. १८७५च्या एका पत्रात मात्र त्याने भावाला कळवलं होतं, की चार वर्षांनी पहिल्यांदाच एक गीत लिहिलं.

शनिवारी इंग्लंडातच वाढलेली मुलगी देविका मिल्टन कीन्सहून आली. तिने आईने पुढे लिहिलेला मजकूर वाचला.

"आई, इथे लिही ना, त्याचा सगळा दुःख त्याने म्युझिकमध्ये टाकला. लोकांना टच होईल."

"तसं त्यानं कुठे म्हटलेलं नाही."

"पण ऑब्व्हियस आहे ना."

"चार वर्षं काही लिहिलं नाही, दर रविवारी वाजवत मात्र राहिला. एवढंच पत्रांत आहे. मी एवढंच लिहिणार."

देविकाने लॅपटॉप उघडला. मग तिने ते तसंच टाइप करून दिलं.

कार्यक्रमाला सुलक्षणा तिसऱ्या रांगेत बसली. खर्जाच्या ओळीत आता पाचच पुरुष होते. १८७५चं गीत सुरू झालं, संपलं. शेजारची बाई डोळे पुसत होती. सुलक्षणाचे पाय गार पडले होते, एवढंच तिला जाणवत होतं. बाहेर पडताना लोकांनी तिचा हात हातात घेतला. ती सगळ्यांना थँक्यू म्हणाली.

गाडीत देविकाने विचारलं, "तुला काय वाटलं?"

"काही नाही गं," सुलक्षणा म्हणाली. "खरंच काही नाही."

देविकाने एक हात स्टिअरिंगवरून काढून आईच्या गुडघ्यावर ठेवला, आणि पुढचा राउंडअबाउट येईपर्यंत तसाच राहू दिला.

एप्रिलमध्ये मार्गारेटने विचारलं, की त्या गावच्या दप्तरात ब्रेनेकेची आणखी साठ पत्रं आहेत, कुणी वाचलेली नाहीत, मागवू का? सुलक्षणाने मागवायला सांगितलं. पत्रं आली तेव्हा तिने श्रीकांतच्या टेबलावरची बाकीची कागदपत्रं खोक्यात भरली आणि खुर्ची स्वतःच्या उंचीला लावून घेतली.