दाढीवाली इहीण

मी इहीण, म्हणजे विहीणबाई, बोलतेय. खरी नव्हे हो, लाकडाची. वीतभर उंच, पांगाऱ्याची, नाकात नथ, अंगावर हिरवं लुगडं आणि चेहऱ्यावर जगाचा तोरा. तो तोरा तानुबाई चितारणीचा. अमरावतीत रंगकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिला कोणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे कोणाचं ऐकायची सवयही नव्हती.

उत्तमरावांच्या मुलीचं, कौशल्येचं लग्न ठरलं होतं अकोल्याला. रुखवतात वरमाईची बाहुली मांडली की मुलीकडच्या बायकांना थट्टा करायला बरं पडतं. ती वरमाई म्हणजे मी.

बाहुली रंगवून झाली की वरून रोगण चढवतात, जवसाच्या तेलात राळ कढवून. पण त्या साली सातासमुद्रापार कुठेशी लढाई लागली, आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि लोकांनी जवस सोडून बांधापर्यंत कापूसच पेरला. नत्थुजी तेल्याकडे जवसाचा दाणा नाही, सरकीचे मात्र ढीग.

"मावशी, सरकीचं तेल वाळत नाही," नत्थुजी म्हणाला.

"तू घाणा हाक. रंगातलं मले शिकवू नोको."

झालं. सरकीच्या तेलाचं रोगण अंगावर घेऊन मी उत्तमरावांच्या ओसरीवर जाऊन बसले. समोर बायका रेच्याच्या लाकडी रुळांतून कापूस ओढून सरकी काढत होत्या, हवेत कापसाची रुई उडत होती. माझं अंग चिकट ते चिकटच. पहिल्या दिवशी मला मिशी आली, तिसऱ्या दिवशी दाढी. खरं सांगू? मला मजा वाटत होती.

चौथ्या दिवशी नवरीची आई, पार्वताबाई, मला पदराखाली लपवून तानुबाईकडे धावत आली.

"मावशी, हे काय करून ठेवलं वो? इहीणबाईले दाढी!"

"रुई तुमच्या घरी उडते, अन् बोल मले?"

"अवो, वरमाईच्या, माणिकबाईच्या हनुवटीवर खरंच चार केस हायेत! हे पाह्यलं त थे रुखवतावरूनच उठून जाईन. आठ दिवसांवर लगन आलं. माह्या पोरीचं कसं होईन?" असं म्हणून तिने मला धुवायला पाण्याचा गडवा उचलला.

तानुबाईने तिचं मनगटच धरलं. "डिंकातले रंग हायेत. पाणी लावशीन त नाकडोळे वाहून जातीन!"

मग तिने माझ्या गालाला बोट लावलं. बोट चिकटलं. तिच्या हातची वस्तू आजवर परत आली नव्हती.

भर दुपारी ती कलालाच्या दारूच्या दुकानात शिरली.

"मावशी, तुमी?"

"मले नाही, इहिणीले पाजाची हाय. पह्यल्या धारेची दे."

मोहाच्या दारूत बोळा बुडवून तिने मला पुसलं. दाढी गेली, चिकटा गेला; डिंक दारूत विरघळत नाही, म्हणून रंग जागचा हलला नाही. डोकं मात्र जरा गरगरलं.

आता जवस. नत्थुजीच्या दारात ती किती वेळ उभी होती, ते मला ठाऊक. मी पदरात गुंडाळलेली तिच्या मुठीत होते.

"नत्थू, तुयं खरं होतं. चुकलं माह्यं."

"आणखी एकडाव म्हण ना, मावशी."

"तेल वत मुकाट्यानं!"

घरच्यासाठी राखलेलं जवसाचं तेल त्याने वाटीभर ओतलं. तानुबाईने पातळ हात फिरवला आणि मलमलीखाली मला उन्हात ठेवलं. पण रोगण ओलं असताना तिने इकडेतिकडे पाहिलं, रुईचा एकच तंतू चिमटीत धरला आणि माझ्या हनुवटीवर टेकवला. एवढं नमतं घेतल्यावर तिला कुठेतरी उट्टं काढायचंच होतं.

लग्नात माणिकबाईने मला रुखवतातून उचललं. तिचा अंगठा माझ्या हनुवटीवर थांबला. दुसरा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीकडे गेला. पार्वताबाईने पदर तोंडाला लावला.

"कोणं केली ही?"

"म्या," तानुबाई ताठ मानेने म्हणाली.

"लय बारीक नजर हाय तुमची."

"तुमच्याएवढी नाही, बाई. एवढ्या जणीत तुमालेच दिसला."

मग माणिकबाई अशी हसली, की तिची नथ आणि माझी नथ एकमेकींना आपटल्या. "माह्या वळखीची हाय ही," ती म्हणाली. "ही माह्यासंगं अकोल्याले येते. अन् सूनबाई बी."

आता मी अकोल्यात तिच्या कोनाड्यात बसते. रोगण पिवळं पडलंय, तोरा मात्र तसाच आहे. पाहुणे आले की माणिकबाई मला दाखवते, पण हनुवटीवर अंगठा ठेवून.

तुम्हीही या. धूळ दिसली तर कोरड्या फडक्याने पुसा, पाणी लावू नका. आणि तो केस? तो उपटायचा नाही. तो ज्या रोगणात चिकटलाय, त्याच्यासाठी एका बाईने आयुष्यात एकदाच 'चुकलं' म्हटलंय.