त्रेमो साहेबांचा चिखल

मित्रांनो, आधी हिशेब ऐका, ओळख मागाहून. चित्र प्रदर्शनात गाजले, तर चित्रकार त्रेमो साहेबांना पदक मिळणार होते, वर्तमानपत्रांत नाव येणार होते. ज्या बाईचे ते चित्र, त्या ओर्तांस परटिणीला एवढीच आशा होती, की चारचौघांनी आपल्याला पाहिले तर चार नवी गिऱ्हाइके येतील. आणि मी? मी तिच्या पायांतला जुना लाकडी जोडा.

सीन नदीच्या काठाला बांधलेल्या, परटिणींसाठीच्या धुण्याच्या नावेत ओर्तांस दिवसभर कपडे आपटी आणि मी तिचे पाय कोरडे ठेवी. संध्याकाळी ती मला राखेच्या पाण्याने घासून काढी. "परटिणीचाच जोडा मळका, तर चादरी कोण देईल?" असे ती म्हणे. पॅरिसच्या आमच्या गल्लीत तिच्या शुभ्र कपड्यांचे नाव होते.

त्रेमो साहेबांचे सदरेही तीच धुई. साहेब पूर्वी चांदण्यातले पडके किल्ले आणि उसासे टाकणारे सरदार रंगवत. मग शहरात वारे फिरले. स्वप्ने पुरे, आता सत्य रंगवा, गरिबांचे जगणे रंगवा, असे जो तो बोलू लागला. साहेबांचे किल्ले भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि साहेब वास्तववादी झाले. इतक्या झटपट तर मळका सदराही पांढरा होत नाही.

त्यांनी ओर्तांसला चित्रासाठी बोलावले. पहिल्या दिवशी ती खळ घातलेली टोपी आणि धुवट एप्रन घालून गेली. मलाही लख्ख घासले होते. साहेबांचा चेहरा उतरला.

"हे काय बाई, लग्नाला निघालीस का?"

"लोक बघणार ना साहेब? मग नीटनेटकं नको?"

"मला खरी परटीण हवी आहे."

"मग मी कोण, पाद्री?"

साहेब स्वतः खाली गेले आणि रस्त्यावरचा चिखल बादलीत भरून घेऊन आले. त्यात घोड्यांची लीद होती, कोबीची कुजकी पाने होती. तो त्यांनी बोटांनी माझ्यावर थापला, तिच्या एप्रनला पुसला. चिखल वाळून निस्तेज झाला की साहेब माझ्यावर थुंकत, मागे सरत आणि डोळे किलकिले करून म्हणत, "आता कसं सत्य दिसतंय." मित्रांनो, मला नाक नाही, तरी त्या सत्याची किळस माझ्या लाकडात मुरली आहे.

ओर्तांस उठून चालली होती. साहेब म्हणाले, "चित्राखाली तुझं नाव लिहीन." ती थांबली. साहेबांनी हा शब्द मात्र पाळला. माझ्यावरचा चिखल टिकावा म्हणून मला त्यांनी आपल्या खोलीतच ठेवून घेतले.

प्रदर्शनाला चित्र पाठवण्यापूर्वी चित्रकार आपली खोली ओळखीच्यांसाठी उघडी ठेवतात. त्या रविवारी मादाम काब्रोल मुलीला घेऊन आल्या. त्यांच्या घरचे कपडे वर्षानुवर्षे ओर्तांसकडेच होते. चित्रासमोर येताच त्यांनी नाकाला रुमाल लावला. तो रुमालही तिनेच धुतलेला.

"काय ते पाय! आणि खाली नाव बघ. अगं, ही तर आपली ओर्तांस."

"पण आई, आपले अभ्रे तर पांढरेशुभ्र येतात."

"येत असतील. आता त्या उशीवर मला डोकं ठेववेल का?"

मादाम एकदा बोलल्या, की अख्खी आळी तेच बोले. सोमवारी ओर्तांसच्या दारात एकही गाठोडे आले नाही. ती धावत साहेबांकडे आली.

"साहेब, काब्रोलबाईंना एवढंच सांगा, की चिखल तुमचा होता."

साहेब आरशासमोर कॉलर नीट करत होते. "तसं सांगितलं तर चित्र खोटं ठरेल, बाई."

"आणि मी खोटी ठरले ते?"

साहेब पुन्हा कॉलरकडे वळले. तिने मला मागितले. तर म्हणाले, "जोडा राहू दे. कुणी शंका घेतली तर दाखवायला लागेल."

ती शेजारणीचे जोडे घालून आली होती, तशीच गेली. पुढे आळीही सोडली. कुणाच्या तरी तळघरात इस्त्री करते, असे ऐकले.

चित्राला पदक मिळाले. टीकाकारांनी लिहिले, की यात मातीचा गंध आहे. मग पुन्हा वारे फिरले. चित्रांत ऊन आणि फुलबागा आल्या, साहेब छत्री घेऊन बागेत रंगवायला गेले. मी कोपऱ्यात पडलो आहे. माझ्यात रंगाच्या तेलकट चिंध्या कोंबतात, पण चिखल कुणी पुसू देत नाही. तो म्हणे कलेचा ठेवा आहे.

मित्रांनो, गरिबाचे चित्र जरूर काढा. फक्त चिखल आपल्या बादलीतून नेऊ नका. आणि एखादा मळका जोडा दिसला, तर मालकिणीला नावे ठेवण्याआधी तो घासून पाहा.

आता शेवटची बेरीज. साहेबांना पदक, टीकाकारांना विषय, मादामना मैत्रिणींत सांगायला गोष्ट. पदक घेताना साहेबांच्या अंगात दुधासारखा पांढरा सदरा होता. ओर्तांसने त्यांच्यासाठी धुतलेला तो शेवटचा. या सगळ्याची किंमत तिने एकटीने मोजली.