कुसळवाडीची समुद्रकासवं

मिरजगावच्या पुढं सात किलोमीटर आत कुसळवाडी आहे. उन्हाळ्यात तिथं प्यायचं पाणी टँकरनं येतं, आणि सरकारी कागदानुसार तिथल्या किनाऱ्यावर समुद्रकासवं अंडी घालतात. हा चमत्कार ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या वैजनाथनं एकट्यानं घडवला होता, तोही जेवणाच्या सुट्टीआधी.

झालं होतं असं. गावाच्या हद्दीत कोणते पशुपक्षी, कोणती झाडंझुडपं आहेत त्याची नोंदवही आठ दिवसांत पाठवा, असं तीन वर्षांपूर्वी पत्र आलं. वैजनाथनं ट्रेनिंगमध्ये ओळख झालेल्या एका कोकणातल्या ऑपरेटरकडून त्याच्या गावाची वही मागवली, तिकडचं नाव काढून कुसळवाडी घातलं आणि प्रिंट मारली. खारफुटी, खेकडे, होड्या, कासवं, सगळं जसंच्या तसं. गावच्या जैवविविधता समितीच्या सात जणांनी सह्या केल्या. त्यातल्या चौघांना आपण समितीवर आहोत हे सही करतानाच कळलं. वाचली कुणीच नाही. एक प्रत जिल्ह्याला गेली आणि वैजनाथ ते विसरूनही गेला.

ते उकरलं गेलं रंगनाथशेठमुळं. माळावर शेठची दगडखाण होती. पोखरत पोखरत ती टेकडीच्या कड्याला भिडली होती, आणि आता शेठला पलीकडचा सगळा उतार हवा होता. त्यानं नेमलेल्या सल्लागारानं गाडीतून न उतरता अहवाल दिला, की जागा ओसाड आहे, जीवसृष्टी नाही. जिल्ह्याला हा अहवाल आणि वैजनाथची वही एकाच फायलीत लागली. एक कागद म्हणे इथं काहीच जगत नाही, दुसरा म्हणे इथं समुद्र आहे. खाणींच्या परवानग्या तपासणाऱ्या निकिता मॅडमनी फोन करून सांगितलं, सोमवारी मी स्वतः बघायला येते.

शेठनं वैजनाथला खाणीवर बोलावून मलईचा चहा पाजला. "लेखी दे, की वही खोटी हाय आन् माळावर काय बी न्हाई. वजनकाट्यावर तुला कायमचा चिकटवतो."

यातलं पहिलं खरंच होतं, म्हणून वैजनाथची पंचाईत. दुसरं खरं की खोटं, ते त्याला ठाऊकच नव्हतं. जन्म गावात गेला, पण माळावर तो एकाच कामाला जायचा, आणि घरात संडास झाल्यापासून तेही बंद होतं. विचार करतो, असं सांगून तो घरी आला. नोकरी जाणार हे तर दिसतच होतं, पण आता आपण पुन्हा न बघता सही करायला निघालोय, हे त्याला जास्त खुपलं.

दुसऱ्या दिवशी तो लंकाबाईच्या मागं लागला. लंकाबाई त्याची चुलती. तीस वर्षं ती माळावर शेरडं वळत होती आणि त्या तीस वर्षांत तिनं कुणाबद्दल चांगला शब्द काढल्याचं गावाला आठवत नव्हतं. माळावर काय काय आहे, असं विचारल्यावर ती म्हणाली, की कॉम्प्युटरला विचार. मग शेरडांना पाला तोडून देशील तर चल, म्हणाली.

चार दिवस मार्चच्या उन्हात वैजनाथ तिच्यामागं फिरला. लंकाबाई प्रत्येक जनावराची ओळख शिवी घालून करून द्यायची. मेला लांडगा, त्यानं दोन करडं नेली. खोकड चोर, पण उंदीर खातं म्हणून माफ. चिंकारा भित्रट, सासरच्या माणसांसारखा. एका ठिकाणी तिनं वैजनाथच्या पोटरीवर काठी हाणली. "पाय उचल, आंधळ्या."

त्याच्या चपलेपासून वीतभर अंतरावर, उघड्या मुरुमावर, मुरुमाच्याच रंगाची दोन अंडी होती. थोडं दूर लांब पायांचं एक पाखरू पळत होतं, थांबत होतं, पुन्हा पळत होतं. मोबाईलवर शोधल्यावर त्याला कळलं, या पाखराला धाविक म्हणतात. वैजनाथ बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग त्याचं त्यालाच हसू आलं.

सोमवारी मॅडम आल्या. शेठ शहाळी घेऊन हजर. वैजनाथनं पुढं होऊन सगळं सांगितलं, की वही चोरलेली आहे, कासवं माझी आहेत, समितीनं काही वाचलं नाही. समितीतल्या चौघांनी मान डोलावली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, की यावर कारवाई होईल. शेठ खूश झाला आणि त्यानं शहाळं फोडायला सांगितलं.

"आता खरं काय ते लिहून आणलंय," वैजनाथ म्हणाला. "पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. ही दाखवेल."

लंकाबाई पुढं आणि सगळे मागं. धाविकाची अंडी पाहिली, खोकडाचं बीळ पाहिलं. शेवटी ती सगळ्यांना शेठच्याच खाणीच्या जुन्या, सोडून दिलेल्या भागात घेऊन गेली आणि काठीनं वर दाखवलं. कड्याच्या कपारीत हातभर उंचीचं घुबड बसलं होतं, शेजारी कापसाच्या बोळ्यांसारखी तीन पिल्लं. घुबडानं नारिंगी डोळे फिरवले आणि नेमकं शेठकडं रोखून पाहिलं. शेठच्या प्रत्येक ट्रकला लिंबू-मिरची असायची. तो दोन पावलं मागं सरकला आणि खिशातल्या रुमालानं तोंड पुसू लागला.

"लोक ह्याला अपशकुनी म्हणत्यात," लंकाबाई मॅडमना म्हणाली. "पन सुरुंग कोन लावतंय ते बघा की."

मॅडमनी सगळ्याचे फोटो काढले, लंकाबाईला तासभर प्रश्न विचारले आणि शहाळं न पिता गेल्या.

दोन महिन्यांनी निकाल आला. शेठला उताराचा खालचा निम्मा भाग मिळाला, वरचा भाग आणि कडा वगळला. दरवर्षी घुबडानं अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत सुरुंग बंद. वैजनाथला कारणे दाखवा नोटीस आली, एक पगारवाढ गेली, आणि वही पायी फिरून नव्यानं लिहायचा हुकूम झाला. लंकाबाईला समितीवर घेतलं. पहिल्याच बैठकीत तिनं आधीच्या सातही जणांना माळावर येऊन दाखवा म्हटलं, आणि दोघांनी राजीनामे दिले.

पुढच्या एप्रिलात खाणीचा मुकादम सुनील याचा वैजनाथला सकाळीच फोन आला. मशीन भाड्यानं आणून उभं आहे, शेठ डोकं खातोय, यंदाची पिल्लं उडाली का तेवढं सांग.

वैजनाथ बाजेवर पडला होता. "न्हाई अजून," तो म्हणाला आणि फोन ठेवला. आपण बघितलेलं नाही, हे त्याला माहीत होतं. मग स्वतःला एक शिवी घालून उठला, पाण्याची बाटली घेतली आणि कड्याकडं चालू लागला.