चटईखालची ताई

आमच्या सामोआत मयताला आलेल्या माणसाचे डोळे लाल असले, नाक गळत असलं, आवाज बसलेला असला, तर कुणी काही विचारत नाही. रडून रडून झालंय म्हणतात आणि जवळ घेतात. गोवरात सुरुवातीला नेमकं हेच होतं, आणि तेव्हा बेटावर गोवराची साथ होती.

ज्या घरात कुणी लस टोचायचं राहिलं असेल त्या घरापुढे लाल फडकं बांधायचं, मग नर्सबाई येऊन टोचून जायच्या. गावच्या महिला समितीची प्रमुख मी, त्यामुळे फडकी बांधायला लावताना अख्ख्या गावाच्या शिव्या मीच खाल्ल्या. पण आमच्या स्वतःच्या दारातलं फडकं काही निघेना. माझ्या लेकीचा सेमिसी जेमतेम चार महिन्यांचा. "एवढ्याला ही लस देत नाहीत, फुआतिनो," नर्सबाई म्हणाल्या. "त्याला जपा, दुसरं काय!"

अशात आई गेली.

पेनिनाताई ऑकलंडहून यायला निघाली. फोनवर मी पहिलं तेच विचारलं, "लस घेतलीयस का?"

"अगं, मला लहानपणीच गोवर येऊन गेलाय."

"तुला की मला?"

"दोघींपैकी एकीला आला होता खरा. थांब, आईला विचार ना," ती बोलून गेली, आणि मग तिनंच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी व्हॅन दारात थांबली. समितीच्या बायकांनी गाणं सुरू केलं. बाहेरदेशाहून आलेल्या माणसाच्या हातात घरातलं सगळ्यात लहान मूल आधी द्यायचं, ही आमची रीत. माझी लेक तालिगी सेमिसीला घेऊन पुढे निघालीसुद्धा होती. ताई उतरली ती उन्हाकडे पाठ करून. डोळे लालभडक. "बिचारी! रडून रडून काय दशा झालीय बघा," बायका म्हणाल्या. मला मात्र ते पटेना. आमची ताई रडणारी नव्हे. बाबा गेले तेव्हा सगळं घर आक्रोश करत होतं आणि ही चुलीवर तारोचे कंद शिजवत बसली होती.

मी तालिगीला मागे ढकललं आणि मध्ये आडवी उभी राहिले.

"ताई, तिथंच थांब. एक पाऊल पुढे येऊ नकोस."

गाणं बंद पडलं. सावेआ काका घरातले वडीलधारे, ते उसळलेच. "फुआतिनो, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आईचं मढं घरात, आणि थोरल्या बहिणीला दारात अडवतेस?"

"काका, तुम्ही जरा गप्प बसा. ताई, विमानात रडलीस?"

"मी कधी रडते?"

"मग डोळे कशानं लाल झाले?"

तिनं स्वतःच्याच कपाळाला हात लावून बघितला. हात तिथंच राहिला.

"आमच्या लाँड्रीतली एक बाई आजारी पडली होती," ती हळूच म्हणाली. "आरोग्यखात्यातून फोन आला होता मला. घरातच राहा, प्रवास करू नका म्हणाले. आई गेली होती गं, फुआ. मी काय करणार होते?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई तिची होती तशी माझीही होती. "म्हणून विमानात येऊन बसलीस? लेकरंबाळं नव्हती त्यात?"

ताईचा चेहरा एकदम पडला. "शेजारीच होतं एक. पाच महिन्यांची पोर. तिची आई दमून गेली होती, तिला झोप म्हटलं. वाटभर मांडीवर मीच घेऊन बसले होते."

तिला बोल कोण लावणार? दुसऱ्याचं मूल दिसलं की आमचे हात आपसूक पुढे होतात. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

ताईनं अंगाभोवती गुंडाळलेल्या लावालावाचं टोक तोंडावर ओढलं आणि उलटी फिरली. घरात आईपाशी मेणबत्त्या लावल्या होत्या, तिकडे तिनं मान वळवली नाही. "माझ्या वाटचा आईचा मुका घे," एवढं म्हणाली आणि व्हॅनमध्ये बसून इस्पितळात गेली. शवपेटीचं झाकण लावण्याआधी शेवटचा मुका थोरल्या लेकीचा असतो. तो मी घेतला. रडूही येत होतं आणि रागही जात नव्हता.

गोवरच निघाला. ताई त्यातून उठली. आमच्या सेमिसीला काही झालं नाही. विमानातली पोर मात्र, इलिसा तिचं नाव, आरोग्यखात्याच्या माणसांना सापडेपर्यंत तापानं फणफणली होती. ती वाचली नाही.

डॉक्टरांनी ताईला समजावलं, "तुमच्यामुळेच झालं असं नाही म्हणता येणार. बेटावर साथ आहे, विमानही भरलेलं होतं."

"मांडीवर माझ्या होती," ताई म्हणाली.

आमच्याकडे अशी माफी नुसती तोंडानं मागत नाहीत. उजाडायच्या आत, ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या दारात जाऊन बसायचं, डोक्यावरून तलम चटई पांघरून. त्यांनी चटई उचलली तर माफ केलं. नाही उचलली तर बसून राहायचं. दगड मारले तरी उठायचं नाही. सावेआ काका म्हणाले, "हे घरातल्या पुरुषांचं काम, चटईखाली मी बसतो." ताईनं ऐकलं नाही. मग काका, मी आणि आमची सगळी माणसं तिच्या मागे, खडीवर, माना खाली घालून बसलो.

ऊन चढलं. दोन तरुण पोरं बाहेर आली, आमच्याकडे बघून थुंकली आणि आत गेली. चटईखाली ताई हलेना. आत्ताच कुठे दुखण्यातून उठलेली बाई; मला वाटत होतं, ही इथेच कोसळणार. पण ऊठ म्हणायची सोय नव्हती.

शेवटी इलिसाचे आजोबा दारात आले. त्यांच्यामागे तिची आई. कोवळी पोरगी, दुधानं पोलकं पुढून भिजलेलं. मला तिच्याकडे बघवेना.

"जा पोरी," म्हातारा म्हणाला. "चटई उचल. यांना आत घेऊ."

ती पायऱ्या उतरून ताईपुढे येऊन उभी राहिली. चटईला तिनं हात लावला नाही.

"मी झोपले होते तेव्हा रडली का ती?" तिनं विचारलं.

"नाही गं," चटईखालून ताईचा आवाज आला. "माझं बोट धरून हसत होती."

पोरगी म्हणाली, "मीच दिली होती ना तुमच्याकडे. मीच."

तिनं चटईची कड उचलली, खाली वाकली, आणि ताईला बिलगून स्वतःच आत बसली. म्हातारा धडपडत पायऱ्या उतरून आला, पण दोघींवरची चटई उचलायला त्याचा हात होईना.