पुलावर गरम वारा

पुलाच्या मध्यावर गाड्यांची रांग ठप्प झाली आणि थोड्याच वेळात एसीतून गरम वारा यायला लागला.

गाडी थोरली चालवत होती. मागे तिची धाकटी जाऊ बसली होती आणि तिच्या मांडीवर दिवस पुरे भरण्याआधीच जन्मलेलं बाळ. ते आजच हॉस्पिटलमधून सुटलं होतं. अंग तापू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. धाकटीचा नवरा परगावी अडकला, म्हणून थोरली आणायला गेली. एरवी घराची वाटणी झाल्यापासून दोघींचं बोलणं तुटल्यात जमा होतं. वाटणीच्या वेळी धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "तुम्हाला ना मूल ना बाळ, एवढ्या खोल्या काय करायच्यात?"  ते बोलणं थोरलीच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

तिने एसी बंद करून पुन्हा लावला, वारा वाढवून पाहिला. जोर वाढला, गारवा काही येईना. काच खाली केली तर शेजारच्या ट्रकचा धूर आत घुसला. तिने घाईघाईने काच वर घेतली. गाडी सर्व्हिसिंगला दिली होती का, असं धाकटीने विचारलं. दिली होती, असं थोरलीने सांगितलं. 

"ताई, हा दूध ओढत नाहीये," धाकटी एकदम म्हणाली.

 थोरलीने आरशात पाहिलं तर बाळाचा चेहरा लालबुंद झाला होता आणि मान एका बाजूला कलली होती. याला काही झालं तर बोट कुणाकडे जाईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं. अशा वेळीही आपल्याला आपलंच सुचावं, याची तिला लाज वाटली.

धाकटी दाराकडे सरकली. उतरून चालत जाते म्हणाली. पूल लांबलचक, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि हिचे टाके अजून ओले.

"बस खाली," थोरली म्हणाली. "रुमाल ओला कर आणि त्याचे हातपाय पुसत राहा."

तिने गॅरेजवाल्याला फोन लावला. त्याने एकच विचारलं: गाडी पळताना गार आणि थांबली की गरम, असंच ना? असंच होतं. मग पुढच्या जाळीमागचा पंखा फिरत नसणार, तो म्हणाला; बघा, पण हात घालू नका, कधीही फिरेल. तिने बॉनेट उघडलं. पंखा ढिम्म उभा होता. इंजिनाच्या तापमानाचा काटाही वर चढत चालला होता.

गॅरेजवाल्याने उपाय सांगितला. इंजिनाशेजारच्या झाकणाखाली काळ्या छोट्या डब्या असतात, रिले. त्यांच्यातून वीज पुढे जाते. पंख्याचा बिघडला असेल तर हॉर्नचा काढून तिथे बसवा, तुमच्या गाडीत दोन्ही सारखेच आहेत. मात्र आधी इंजिन बंद करा.

इंजिन बंद म्हणजे होता तो वाराही बंद. थोरलीने क्षणभर धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान डोलावली. थोरलीने किल्ली काढून घेतली.

झाकण इतकं तापलं होतं की बोटं पोळली. झाकणामागच्या चित्रावरून तिने दोन्ही डब्या ओळखल्या. हॉर्नची पटकन निघाली, पंख्याची मात्र घट्ट बसली होती. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत होते. पुढे जागा झाली, गाडी घ्या, असं कुणीतरी खेकसलं. तिने वळूनही पाहिलं नाही. किल्लीचं टोक घालून डबी उचकटली, हॉर्नची तिथे दाबून बसवली आणि गाडी सुरू केली.

काहीच झालं नाही. ती जाळीकडे बघत उभी राहिली. मग घर्र आवाज झाला आणि पंखा फिरायला लागला.

आत येऊन तिने हात एसीच्या झरोक्यासमोर धरला. आधी गरम, मग कोमट, आणि हळूहळू बोटांना गारवा लागला. मागे अजून शांतताच होती. धाकटी बाळाचे तळवे पुसत होती, पुसतच होती. काटा खाली आला, रांग दोनदा हलली, आणि तेव्हा कुठे बाळाने तोंड वाकडं करून भोकाड पसरलं. थोरलीने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

पूल उतरल्यावर एक स्कूटरवाला आडवा आला. हॉर्न दाबला तर आवाजच नाही. धाकटीने काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि ठणकावलं, "अहो, बाळ आहे गाडीत, बाजूला व्हा!" मग घर येईपर्यंत तीच ओरडत राहिली. थोरलीला हसू आवरेना.

दारात सासूबाईंनी उशीर का झाला विचारलं. गर्दी होती, एवढंच धाकटी म्हणाली. जिन्यापाशी ती थांबली. टाके दुखत होते.

"ताई, धरा याला," ती म्हणाली. "मला चढवणार नाही." आणि थोड्या वेळाने, खाली बघत, "मी तेव्हा फार वाईट बोलले."

"हो, बोललीस," थोरली म्हणाली. तिने बाळाला खांद्याशी घेतलं आणि पायऱ्या चढायला लागली.