बाटलीत उरलेलं दूध

बाळाच्या नाकातली नळी निघाली की घरी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नळी निघायची तर सगळं दूध तोंडानेच पोटात जायला हवं होतं. पण दिवस भरण्याआधीच आलेल्या त्या मुठीएवढ्या जिवाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसत नव्हता.

"साहेबांना घाई नाही बरं का," त्याला कुशीवर धरायला शिकवताना सिस्टर म्हणाली. "थांबला की बाटली खाली करायची. आपण पाजायचं नाही, त्याला पिऊ द्यायचं."

घाई बाळाच्या आईला होती. घरी तिची स्वतःची आई अंथरुणाला खिळली होती, अन्नावरून तिची वासना उडाली होती. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, फोटो दाखवला तर म्हणते, फोटोला काय मांडीवर घेऊ?"

"आज सगळं प्यायला तर सोडतील रे. सांग तिला."

त्या दुपारी बाळ छान प्यायलं. तळाशी थोडंसं उरलं आणि त्याची बोटं फाकली, ओठ सैल पडले. सिस्टर पलीकडच्या बाळाच्या काचेच्या पेटीपाशी होती. आईनेच निपल त्याच्या तोंडात हळूच फिरवलं, हनुवटीखाली बोट धरलं.

"एवढंच, राजा. आजीकडे जायचंय ना?"

त्याने गिळलं. परत गिळलं. श्वास घ्यायचा राहूनच गेला. ओठ निळे पडले, यंत्र किंचाळलं. सिस्टरने धावत येऊन त्याला उचललं, दूध ओढून काढलं, पाठ चोळली. रंग हळूहळू परतला. बाळ रडलंसुद्धा नाही.

दूध छातीत गेलं असावं, डॉक्टर म्हणाले. तोंडाने पाजणं बंद.

"होतं असं," सिस्टर म्हणाली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी भावाने फोन आईच्या कानाला लावला.

"प्यायला?"

"प्यायला. सगळं."

"मग आण की गं."

"आणते, आई."

आई गेली, तेव्हा बाळाला नळीनेच दूध चाललं होतं. तिचं दिवसकार्य उरकून लेक परतली, त्या सकाळी सिस्टरने तिच्यापुढे बाटली धरली. "आजपासून परत सुरू. सावकाश. आता कसली घाई नाही."

कसलीच नव्हती. बाळ तोंड उघडून मान वळवत होतं. तिने दोन्ही हात मांडीत दाबून धरले.

"तुम्हीच पाजा," ती म्हणाली.